गोमायचा डावा पाय

खाडीवर पूल नव्हता, पलीकडच्या गावाला जायचं तर ओहोटीची वाट बघावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. खारवडीत तेव्हा मीठ पिकायचं. अजूनही पिकतं. बायाबाप्ये सकाळपासून मिठागरात वाकून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत, टोपल्या भरून डोक्यावर घेत आणि अरुंद बांधांवरून चालत ढिगावर नेऊन ओतत. मीठ पांढरंशुभ्र यायचं आणि माणसांच्या कमरा जायच्या.

अशा गावात एक मुलगी पायाकडून जन्मली. तिचं नाव गोमी. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे गोमी जरा मोठी झाली तशी तिच्या अंगणात रांग लागायला लागली. माणसं तिच्याकडे पाठ करून बसत. गोमी डाव्या पायावर उभी राही आणि उजवा पाय दुखऱ्या कमरेवर टेकवी. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, आणि माणूस “उतरली” म्हणेपर्यंत पाय हलू द्यायचा नाही, अशी रीत होती. असं म्हणतात, की पाण्यावर चतुर बसावा तसा तिचा पाय पाठीवर बसायचा.

गावाने त्या उजव्या पायाचे फार लाड केले. त्याला हळद लावली, तेल चोळलं, चांदीचा वाळा घातला. डावा तसाच राहिला, भेगाळलेला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

गोमीही बाकीच्यांसारखीच मीठ ओढायची, पण तिची कंबर कधी दुखली नाही. लोक म्हणायचे, पायाळूला कुठली आलीय उसण?

शेजारच्या मथीला मुलगा झाला आणि तिची कंबर धरली. गोमीने पाय लावला की दुपारपर्यंत बरं वाटे, मग पुन्हा तेच. एक दिवस मथी रडवेली होऊन म्हणाली, “गोमी, आज पोराला उचलायला गेले आणि हात मागे घेतले. हातून पडला तर? पोरगा माझा, आणि मी सासूला हाक मारते, उचलून द्या म्हणून.”

गोमी रोज पाय लावत राहिली. त्यातच खाडीत कालवं काढताना तिचा उजवा पाय शिंपल्याने कापला. पाय सुजला, रांग बंद पडली. रोज रांगेत बसणारा म्हातारा कान्हू अंगणात येऊन बजावून गेला, “पायाला जप, पोरी. तुझं बाकीचं काही गेलं तरी चालेल.”

जखम भरेपर्यंत गोमी बाजेवर पडून राहिली. बरी होऊन मिठागरात गेली, पहिली टोपली उचलली, आणि तिच्याच कमरेत उसण भरली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि गावात दुसरं पायाळू माणूस नव्हतं.

ती कशीबशी घरी आली. सवयीने अंगणात डाव्या पायावर उभी राहिली आणि समोर कुणी बसलंय असं समजून उजवा पाय उचलला. डावा घोटा थरथरला. पोट आपोआप आत गेलं, पाठ सरळ झाली, वजन टाचेतून चवड्यात गेलं आणि पुन्हा टाचेत आलं. हे रोज असंच होत आलं होतं, पण तिचं लक्ष समोरच्या पाठीकडे असायचं. ती रोज तशीच उभी राहू लागली. थोड्या दिवसांत उसण उतरली, पाठीला कुणाचाही पाय न लागता. तेव्हा तिला कळलं, की गावाने भलत्याच पायात वाळा घातला होता.

ती मथीकडे गेली. म्हणाली, “आज मी पाय लावणार नाही. तू उभी राहा, एका पायावर.”

मथीला राग आला. “मी काय पायाळू आहे? का आता तुझा पाय महाग झाला?”

“जन्मताना कशीही आली असशील, आता पायांवरच उभी आहेस ना?”

मथीने पडवीचा खांब धरला आणि एक पाय उचलला.

“डोळे मीट,” गोमी म्हणाली. “वजन कुठं आहे? टाचेत की चवड्यात?”

“मला काय माहीत?”

“तेच तर. दुखते तेव्हाच तुला कंबर आठवते.”

कुंपणापलीकडे बाया हसल्या. “मथे, बगळा झालीस की गं. मासा दिसला तर आम्हालाही सांग.”

मथी डगमगली, पाय टेकला, पुन्हा उचलला. दुखलं की गोमी तिला थांबवायची. जोर लावू नकोस, वजन शोध, एवढंच सांगायची. पुढे खांब सुटला. मग दोघी रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालू लागल्या, चवड्यापुढे टाच टेकवत, अगदी सावकाश.

एका सकाळी पोरगा रडला. मथी त्याच्यापाशी गेली, पाय नीट रोवले, गुडघ्यांत वाकली आणि त्याला उचलून छातीशी घेतलं. सासू धावत आली होती, ती दारातच थांबली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा कान्हू काठी बाजूला ठेवून गोमीच्या अंगणात खांबाला धरून उभा होता. “मला मासा दिसला तर तो माझा,” म्हणाला. हळूहळू सगळं गाव उभं राहिलं. गोमीची गोमाय झाली, गावाची आय.

असं म्हणतात, की पुढे एका उधाणात बाहेरचा बांध खचला आणि पाऊलभर रुंद उरला. त्यावर अख्खं गाव ओळीने उभं राहिलं आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे गेले. कुणाची कंबर धरली नाही, कुणी पाण्यात पडलं नाही. टोकाला गोमाय डाव्या पायावर उभी होती. तिने उजवा पाय येणाऱ्या लाटेच्या पाठीवर अलगद टेकवला, आणि लाट उतरली. खारवडीची माणसं हे शपथेवर सांगतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

गोमायची समाधी नाही, देऊळ नाही. पण आजही मिठागरात उतरण्याआधी माणसं बांधावर शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभी राहतात, आधी डाव्या. आणि बाळंतीण सव्वा महिन्याने पहिल्यांदा घराबाहेर पडते, तेव्हा तिला तिथेच आणतात. दोन्ही बाजूंना दोघी जणी उभ्या राहतात. ती पाय उचलते, डोळे मिटते. सासू विचारते, “वजन कुठं आहे, बाय?” ती शोधत असते तोवर कुणी घाई करत नाही. तिने सांगितलं की मग बाळ तिच्या हातात देतात.