पृथ्वीची नाडी

“आणि ही टकटक कसली?” गैबीनाथबाबांनी विचारलं.

त्यांच्या कानांवर हेडफोन होते. तार पळसाला बांधलेली. तिला जोडलेली रेडिओसारखी पेटी ओगल्यांच्या मांडीवर.

पठारावर वीज पोचली नव्हती, त्यामुळं तारांची घरघर पेटीत शिरत नसे. म्हणून ओगले इथं येत. कॉलेजात शिकवत. तीन वर्षं पहाटे येऊन या पेटीवर आभाळातले आवाज ऐकत होते. बाबांना गुरू म्हणत, पण शिकवत स्वतःच.

“आधी बाकीचं सांगा. काय ऐकू येतं?”

“तेलात मोहरी पडावी तसं.”

“त्या विजा. कुठं जावा बेटावर, कुठं आफ्रिकेत पडताहेत. इथवर पोचतात.”

“मधेच एक शीळ... उतरत जाणारी.”

“तीही वीजच. आभाळापार जाऊन परत फिरलेली. हे सगळ्यांना ठाऊक आहे, बाबा. टकटक कुणालाच नाही. सेकंदाला एक. पृथ्वीची नाडी आहे ती. मी पकडली!”

बाबांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

ओगल्यांनी खिशातून लखोटा काढला. “आज विज्ञान परिषदेला पाठवतो. या महिन्यात काही दाखवलं नाही तर कॉलेज पेटी काढून घेणार होतं. आता घ्या म्हणावं.”

“पेटी इथं ठेव,” बाबा म्हणाले. “झऱ्यावरून कळशी भरून आण.”

“आत्ता?”

“तहान लागलीय.”

ओगले चडफडत गेले. भरली कळशी घेऊन आले, पेटीशी वाकले. बाबांनी हात वर केला.

“गेलास, नाडी थांबली. आलास, चालू झाली.”

“शक्यच नाही!”

“पुन्हा जा.”

ओगले दहा पावलं मागं सरले. बाबांचा हात स्थिर. ओगले जवळ आले. बाबांचं बोट गुडघ्यावर पडू लागलं. टक... टक... टक...

ओगल्यांची नजर बोटावरून स्वतःच्या मनगटाकडे गेली. गेल्याच आठवड्यात घेतलेलं, सेलवरचं घड्याळ. सेकंदकाटा त्या बोटाबरोबर उडत होता.

त्यांनी घड्याळ काढलं, लांब दगडावर ठेवून आले. हेडफोन लावले. बराच वेळ ऐकत राहिले.

तडतड. एक शीळ... आणखी एक. टकटक नव्हती.

त्यांनी लखोटा फाडला.

“पेटी जाणार, बाबा. परिषदेला आता काय कळवू?”

बाबांनी ओंजळ पुढं केली. ओगल्यांनी कळशी कलती केली. बाबा सावकाश प्याले. तोंड पुसलं.

“लिही, पाण्याला गेलो होतो.”