हुकलेला फोटो

फोटोंवरच्या गप्पांचा पॉडकास्ट ऐकणार तरी कोण, या काळजीनं मला रात्रभर झोप नव्हती. त्यात पाहुणे म्हणून आलेले नामवंत छायाचित्रकार दिनानाथ मोकाशी रेकॉर्डिंग सुरू होताच कडाडले, "अहो बाई, फोटो काय कानानं दिसतो? बंद करा हा पोरखेळ!"

टेबलाभोवतीचे माझे दोघे सोबती माझ्याकडे पाहू लागले. टेबलाखाली माझी चार वर्षांची रेवा खेळत होती. मी माइक सरांकडे सरकवत विचारलं, "बरं सर, तुमचा एखादा हुकलेला फोटो सांगता?"

हुकलेल्या फोटोचं दुःख कुठल्या फोटोग्राफरला आवरतं? सर खुललेच. "अंतरपाट दूर झाला आणि बकरीनं नवरदेवाच्या हातातला हारच ओढला! नवरी खदखदून हसतेय, भटजी उपरण्यानं बकरीला हाकलताहेत... मी बटण दाबलं, पण लेन्सचं झाकण काढायचंच राहिलं होतं!"

आम्ही पोट धरून हसलो.

"सर, हा फोटो जगात कुठेच नाही," मी म्हटलं, "तरी आम्ही सगळ्यांनी आत्ता पाहिला. कानांनीच!"

तेवढ्यात टेबलाखालून रेवा म्हणाली, "आजोबा, बकरीच्या दाढीला झेंडू चिकटलाय. काढा ना तो!"