वीसचं ॲव्हरेज

"पण ते वीस मोजले कुणी?" महासतीजींनी विचारलं.

श्रेणिक गुगळे अडखळला. गाडी किती देते, एवढंच आजवर लोक त्याला विचारत आले होते. कंपनीनं सांगितलेले लिटरला वीस किलोमीटर कुठं, कसे, कुणी मोजले, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

दुपार कलत होती. नगरहून जामखेडकडे निघालेल्या तीन जैन साध्वी चिचोंडीच्या शाळेत थांबल्या होत्या. उपशमकंवरजी त्यांतल्या थोरल्या, त्यांनाच सगळे महासतीजी म्हणत. वय सत्तरीच्या पुढं. दीक्षा घेतल्यापासून त्या कुठल्याच वाहनात बसल्या नव्हत्या. जायचं ते पायी, तेही अनवाणी. तोंडावर पांढरी मुहपत्ती, काखेत जीवजंतू अलगद बाजूला सारायचा लोकरीचा ओघा, झोळीत भिक्षेची लाकडी पात्रं. एवढाच संसार. जगातलं बरंचसं त्यांनी सोडलं होतं, पण विचारायचं काही त्यांच्यानं सुटलं नव्हतं. व्हरांड्यासमोर उभ्या असलेल्या श्रेणिकच्या गाडीकडे त्या मघापासून बघत होत्या.

श्रेणिकनं सांगितलं की कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत निघतो. गाडीची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. तिथं वारा नाही, चढ नाही, एसी नाही, आडवी येणारी म्हैस नाही.

"म्हणजे गाडी जागेवरच?"

"हो."

"आणि किलोमीटर झाले?"

"झाले."

महासतीजी हसल्या. मुहपत्तीमुळं ते हसू फक्त डोळ्यांत दिसलं.

"असे जागेवर फिरणारे आमच्यातही असतात," त्या म्हणाल्या.

श्रेणिकला हे बोलणं आवडलं. आपला विषय कळणारं कुणीतरी भेटलं, असं वाटलं त्याला. तो पुण्यात मेकॅनिकल शिकलेला. वडिलांचं दुखणं वाढलं म्हणून नगरला परतला आणि भांड्यांच्या दुकानात बसला. यंत्रांची ओढ आत तशीच राहिली होती. ही छोटी एसयूव्ही घेतली तेव्हा ती बाहेर आली. टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. पहिल्या महिन्यात गाडीनं अकरा दिले. दुसरा कुणी असता तर शोरूममध्ये जाऊन भांडला असता. श्रेणिक शोधत बसला, उरलेले नऊ जातात कुठं.

आणि ते त्याला सापडले. काही टायरच्या हवेत सापडले, काही विनाकारण दाबलेल्या ब्रेकमध्ये, पण बहुतेक त्याच्याच उजव्या पायात. पुणे रस्त्यावर त्यानं एकदा एकोणीस काढले. गाडीमालकांचा एक ग्रुप होता, राज्यभरातल्या लोकांचा. तिथं दर महिन्याला चढाओढ चाले. गाडीच्या पडद्यावरचा आकडा कुणी मानत नसे, कारण तो पडदा जरा गोड बोलतो. टाकी काठोकाठ भरायची, महिनाभर चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि मग हिशेब. या महिन्यात श्रेणिक सगळ्यांच्या पुढं होता.

नेमका तेव्हाच जैन संघाच्या अध्यक्षांचा फोन आला होता. रस्ता रुंद झाल्यापासून वाहनं सुसाट येतात, साध्वींच्या मागं जामखेडपर्यंत दिवे लावून एक गाडी चालली पाहिजे. आई समोरच उभी होती. नाही म्हणायची सोयच नव्हती.

महासतीजींनी आता टर्बोचं विचारलं. ते काय असतं?

श्रेणिकला एवढंच हवं होतं. इंजिनातून गरम धूर बाहेर पडतो, तो वाया जातो, त्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरवतात आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, असं त्यानं हातवारे करून समजावलं. त्यामुळं लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं.

"बाहेर टाकलेलं पुन्हा कामाला लावायचं," महासतीजी स्वतःशीच म्हणाल्या. "मग पेट्रोल कमी लागतं की जास्त?"

"पाय हलका असला तर कमी. जोरात दाबला की पंखा जागा होतो... मग पीत सुटते."

"म्हणजे सगळं पायावर आहे."

"सगळं पायावर आहे, महाराजसाहेब," श्रेणिक म्हणाला. आपला पाय केवढा हलका आहे, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. त्यांनी विचारावं, अशी त्याची इच्छा होती.

त्यांनी ते विचारलं नाही. उन्हं उतरली तशी त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आमच्यासाठी पेट्रोल जाळू नका, श्रावकजी. केवढे जीव जळतात त्यात. आम्ही जाऊ आमच्या पायांनी."

श्रेणिकनं हात जोडले आणि संघानं ठरवलंय, असं सांगितलं.



दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर त्या निघाल्या. तिघी रस्त्याच्या कडेनं एकीमागं एक, आणि त्यांच्या मागं श्रेणिकची गाडी, चारी दिवे उघडझाप करत. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की आपली आपण सरकते. माणसाच्या चालीपेक्षा तेही जास्तच. त्यामुळं ॲक्सिलरेटरला पाय लावायचं कामच नव्हतं. पाय सगळा वेळ ब्रेकवर.

आणि पडद्यावरचा आकडा उतरत होता. बारा, नऊ, सात. मुक्कामाला पोचेपर्यंत पाच.

आयुष्यात इतक्या हलक्या पायानं त्यानं गाडी चालवली नव्हती आणि इतका वाईट आकडा कधी पाहिला नव्हता. महिन्याची सगळी मेहनत या एका रस्त्यावर सांडत होती. त्याला रात्री नीट झोप लागली नाही.

सकाळी मात्र त्याला महासतीजींचं बोलणं आठवलं. पेट्रोल जाळू नका.

त्यानं एक युक्ती केली. झाडाखाली गाडी उभी करायची, इंजिन बंद. साध्वींना पुढं जाऊ द्यायचं, पार ठिपक्याएवढ्या दिसेपर्यंत. मग एका दमात, अलगद, त्यांच्यापर्यंत जायचं. पुन्हा सावली, पुन्हा इंजिन बंद. आकडा वर सरकायला लागला. श्रेणिकला बरं वाटलं. शिवाय पेट्रोल वाचत होतं, जीव वाचत होते, महाराजसाहेबांचा शब्द पाळला जात होता. आपल्या हातून धर्मच घडतोय, असं त्याच्या मनानं घेतलं.

एका लिंबाखाली तो असाच थांबला होता. रस्ता पूर्वेकडे जाणारा. सूर्य अजून खालीच, बरोबर डोळ्यांच्या रेषेत. साध्वी पुढचा चढ ओलांडून पलीकडे गेल्या होत्या.

मागून एक पिकअप आली, डाळिंबाच्या क्रेटनं भरलेली. ती शेजारून गेली तेव्हा श्रेणिकला ड्रायव्हर दिसला. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा कपाळावर आडवा धरलेला.

त्याला समोरचं काही दिसत नव्हतं.

या उजेडात, पांढऱ्या कपड्यांत, रस्त्याच्या कडेनं तीन बायका...

त्यानं गाडी सुरू केली आणि पाय तळापर्यंत दाबला. ही गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा. क्षणभर काहीच झालं नाही. मग पंखा जागा झाला आणि गाडीनं त्याला सीटमध्ये मागं ढकललं. हॉर्नवरचा हात त्यानं काढलाच नाही. चढ कधी संपला, ते त्याला कळलं नाही.

पलीकडे पिकअप रस्ता सोडून कडेच्या चारीत तिरकी उतरली होती. तीन पांढऱ्या आकृती उभ्या होत्या. तिन्ही उभ्या होत्या.

पिकअपचा आरसा सगळ्यांत धाकट्या साध्वींच्या झोळीला लागला होता. समताजी त्यांचं नाव. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं, पण झोळीतली लाकडी पात्रं रस्त्यावर फुटून पडली होती. ड्रायव्हर स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. महासतीजी आधी त्याच्याकडे गेल्या. तुम्हाला लागलं का, पाणी आहे का जवळ, असं त्याला विचारलं. मग रस्त्यात येऊन खाली बसल्या आणि फुटलेल्या पात्रांचे तुकडे वेचायला लागल्या.

श्रेणिक धावत आला. तोही वेचू लागला.

"राहू द्या महाराजसाहेब, मी करतो."

"मागून येणाऱ्याला रुततील," त्या म्हणाल्या आणि वेचत राहिल्या.

सगळे तुकडे गोळा झाले. पिकअप चारीतून बाहेर निघाली, पुन्हा पुन्हा हात जोडत ड्रायव्हर गेला. तरी श्रेणिकला कुणीच काही बोलेना. कुठं होतास, असंही कुणी विचारलं नाही. ते त्याला सोसवेना.

"महाराजसाहेब, तुम्हीच म्हणाला होतात... पेट्रोल जाळू नका."

"म्हणाले होते."

"म्हणून मी गाडी बंद ठेवत होतो."

महासतीजींनी त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. टर्बोचा पंखा कसा फिरतो हे ऐकताना होतं, तेच कुतूहल होतं.

"म्हणून?" त्यांनी विचारलं.



त्या दिवशी पुढच्या गावात गोचरीला, म्हणजे भिक्षेला, जायला एकच पात्र उरलं होतं. धाकट्या दोघींनी त्यात आहार घेतला, थोरल्यांनी उपवास केला. श्रेणिकच्या दुकानात छतापर्यंत भांडी रचलेली होती, स्टीलची, पितळेची, तांब्याची. साध्वींना धातूचं पात्र चालत नाही. त्यानं नगरला फोन करून लाकडी पात्रांची सोय लावली आणि मुक्कामाच्या शाळेच्या पायरीवर बसून राहिला. आईनं जेवलास का म्हणून फोनवर विचारलं तेव्हा हो म्हणाला. तो जेवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी कुणी न सांगता त्यानं गाडी साध्वींच्या मागं लावली. हाकेच्या अंतरावर, दिवे चालू, पाय ब्रेकवर. पडदा समोरच होता. पण बघायला वेळ कुठं होता? त्याचे डोळे सगळा वेळ मागच्या आरशात होते. ट्रक दिसला की तो गाडी जराशी उजवीकडे घेई, ट्रकवाला लांबूनच वळून जाई. एसटी गेली. उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. दूधवाले गेले.

मधेच त्याची नजर पुढं गेली. महासतीजी मान खाली घालून चालत होत्या, पावलापुढची साडेतीन हात जमीन बघत. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून साध्वी असंच चालतात, हे तो लहानपणी पाठशाळेत शिकला होता, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. एका जागी त्या थांबल्या, काहीतरी पार होऊ दिलं, मग पुढं निघाल्या.

जो एवढंच बघत चालतो, त्याला मागून येणारं काही दिसत नाही. हे पाठशाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

तो पुन्हा आरशात बघू लागला.

कडा गावी पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. साध्वी तिथल्या जैन स्थानकात गेल्या. श्रेणिक आधी पंपावर गेला आणि आदल्या संध्याकाळसारखीच सवयीनं टाकी पुन्हा काठोकाठ भरून आला. स्थानकाच्या ओसरीवर महासतीजी तळव्यांना माती चोळत बसल्या होत्या. नवी पात्रं आली होती, समताजी ती पुसून ठेवत होत्या.

त्यानं वंदना केली. "दया पाळा," महासतीजी म्हणाल्या आणि लगेच गाडीचं विचारलं. आज काय म्हणते?

श्रेणिकला वाईट वाटत नव्हतं. त्याचंच त्याला नवल वाटत होतं. ग्रुपवर आता तो शेवटचा ठरणार होता, कदाचित लोक थट्टाही करणार होते. पण एक कोडं होतं आणि ते सुटल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

"महाराजसाहेब, सगळं पायावर आहे असं ठरलं होतं आपलं," तो म्हणाला. "आज ॲक्सिलरेटरला पायही लावला नाही मी. तरी पाच. पाचसुद्धा पुरते नाहीत."

"कसं मोजलंत?"

"पेट्रोल गेलं जवळजवळ तीन लिटर. आणि किलोमीटर झाले चौदा."

"चौदा?"

"चौदाच. दोनदा बघितलं."

महासतीजींनी हातातली माती झटकली. बोटांवर काहीतरी मोजलं, थांबल्या, पुन्हा मोजलं...

"आम्ही तिघी चौदा-चौदा चाललो," त्यांनी विचारलं, "ते धरलेत का त्यात?"