टेकलेला पाय

"मग ती माझ्या मागे का येत नाही, अण्णा?"

हे विचारतानाही मकरंद सायकलवरून उतरला नव्हता. दोन्ही पाय पेडलवर, पुढचं चाक जरासं तिरकं, आणि सायकल जागच्या जागी वीतभर पुढे, वीतभर मागे. असा तो पाच-पाच मिनिटं राहू शकत असे. बघणाऱ्यांना मोठं कौतुक वाटे.

शिदूअण्णा फाटकाजवळच्या जांभळाखाली उकिडवे बसून एका छोट्या सायकलची चेन चढवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

भैरोबाच्या टेकडीवरच्या या उद्यानात वाट एकच. चालणारे, पळणारे, बाबागाडी ढकलणारे, कुत्री फिरवणारे आणि सायकलवाले... सगळे त्याच लाल मातीच्या वाटेने चढतात, त्याच वाटेने उतरतात. अण्णा दर रविवारी मुलांना सायकलवरून वर नेत. अंगावर बिनइस्त्रीचा सदरा, पायात चपला, आणि सायकल मकरंदच्या वयाची.

"ती" म्हणजे जुई. मकरंदची नऊ वर्षांची मुलगी. ती फाटकाशेजारच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती आणि बापाकडे मुद्दाम बघत नव्हती.

मागच्या रविवारी दुसऱ्या वळणावर एक आजोबा काठी टेकत वर येत होते. काठी आणि करवंदीची जाळी यांच्यामध्ये हातभर जागा होती. मकरंद त्यातून सुळकन खाली गेला. मागून जुईनेही तसंच करायला पाहिलं आणि ती जाळीत गेली.

फार लागलं नाही. कोपर खरचटलं. रडलीही नाही ती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, यापुढे मी अण्णांच्या मागे जाणार.

आठवडाभर ते वाक्य मकरंदच्या टाचेत काट्यासारखं सलत होतं.

त्याने अण्णांना भराभरा सगळं सांगितलं. डोंगरातल्या शर्यतींत तो दोनदा दुसरा आला होता. तिथे कठीण जागी पाय टेकला की गुण जातात, आणि त्याचे कधीच गेले नव्हते. जुईला तोल शिकवायला हवा, भीती मोडायला हवी. एवढंच तर आहे...

अण्णांनी चेन चढवली. पेडल हाताने फिरवून पाहिलं.

"भैरोबापत्तूर जा आन् ये. पाय किती येळा टेकला, त्ये सांग."

मकरंदच्या अंगात वारं भरलं. परीक्षा म्हटली की त्याला बरं वाटे.

चढ त्याने एका दमात मारला. उतरताना वाट गजबजली होती. "आला बघा, वारा आला, कडेला व्हा," असं कुणीतरी ओरडलं आणि बायकांनी पोरं ओढून घेतली. त्याला ते कौतुकच वाटलं. एका कुत्र्याला त्याने डावीकडून चुकवलं, एका बाबागाडीला उजवीकडून.

"एकदाही नाही," तो फाटकापाशी येऊन म्हणाला.

"बूट दाव. डावा."

पाय तर टेकायचा नव्हता. त्याने एका हाताने जांभळाचं खोड धरलं, सायकल तशीच तोलली आणि डावा पाय वर केला. बाकावरून जुई बघत होती. आता मात्र ती बघत होती.

बुटाच्या तळव्यावर मापाचा आकडा दुकानातून आणला तेव्हासारखाच कोरा होता.

अण्णांनी आपली डावी चप्पल काढून मातीत पालथी ठेवली. अंगठ्याजवळ ती पार झिजली होती, भोक पडायचं बाकी होतं. मग शेजारी उजवी ठेवली. ती धडधाकट होती.

"एकाच दिवशी घेतल्याली जोडी हाय," अण्णा म्हणाले.

मकरंदने एकदा चपलांकडे पाहिलं, एकदा आपल्या बुटाकडे.

"आता परत जा."

या खेपेला त्याने ठरवून पाय टेकला. कुणी समोर दिसलं की ब्रेक, की पाय खाली. एक... दोन... तीन. पण हाताची बोटं ब्रेकवर वाजतच होती, दुसरा पाय पेडलवर नाचतच होता. टोपलीत पूजेची फुलं घेऊन वर निघालेल्या एका म्हातारीने तर त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवला.

"थांबलाईस तर नीट थांब की रं. तुझ्या घाईनं मला धाप लागली."

खाली आला तेव्हा घामाने निथळत होता.

"सतरा," तो म्हणाला. सायकल वीतभर पुढे, वीतभर मागे.

"मोजलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"हं..."

अण्णांनी चपला पायात सरकवल्या. पुढे काहीतरी बोलतील म्हणून मकरंद थांबला. ते दुसऱ्या सायकलची हवा बघू लागले.

मकरंदला राग आला. रागातच तो तिसऱ्यांदा चढाला लागला.

पण राग चढ चढून देत नाही. अर्ध्यावर मांड्या भरून आल्या. भैरोबापाशी तो सायकलवरूनच वाकून नळाचं पाणी प्यायला. उतरायला लागला तेव्हा डोक्यात ना आकडा होता, ना उत्तर. समोर माणूस आला की पाय आपोआप खाली जाई, आणि दमलेला पाय पुन्हा उचलावासा वाटत नसे. एक जोडपं गेलं. कुत्रं हुंगून गेलं. एका पोराने त्याची घंटी वाजवून पाहिली, मकरंदने वाजवू दिली.

दुसऱ्या वळणावर खालून एक छोटी निळी सायकल येताना दिसली.

जुई होती. अण्णांनी तिला एकटीलाच पुढे पाठवलं होतं. ती पेडलवर उभी राहून चढत होती, मान खाली, नजर चाकावर, ओठ दाताखाली.

मकरंद सायकलसकट वाटेवरून गवतात उतरला. पाय टेकला. श्वाससुद्धा हळू घेतला.

ती शेजारून गेली. मान वर न करताच, अण्णांनी शिकवलं होतं तसं म्हणाली, "थँक्यू, काका."



चार हात वर जाऊन सायकल थांबली. जुईने वळून पाहिलं.

"बाबा?"

"हं."

"वाट मोकळी आहे. जा की."

"तू चढून घे आधी..."

ती थोडा वेळ त्याच्या पायाकडे बघत राहिली. मग चढून गेली. वळणाआड दिसेनाशी झाल्यावर तो उतरू लागला.

थोडं खाली आल्यावर मागून घंटी ऐकू आली. एकदा, मग पुन्हा. मागे वळून बघावंसं त्याला फार वाटलं. समोरून माणसं येत होती. तो थांबत गेला, टेकत गेला, पुढे सरकत गेला, आणि घंटी मागे येत राहिली... तो थांबला की तीही थांबे.

फाटकाशी अण्णा तसेच बसले होते.

"किती येळा टेकला?"

"आठवत नाही, अण्णा."

"बावीस," मागून जुई म्हणाली. "मी आल्यापासून. त्याच्या आधीचे मला माहीत नाहीत."

मकरंदने खालमानेने सायकलवरून पाय काढला. सायकल जांभळाला लावली. सकाळपासून पहिल्यांदा तो दोन्ही पायांवर उभा होता. मग तेही जमेना, तेव्हा तो अण्णांसमोर मातीत बसला.

अण्णांनी हात फडक्याला पुसले. हवेचा पंप बाजूला ठेवला. पहिल्यांदा वर पाहिलं.

"हां... आता इचार. सकाळी काय इचारत हुतास?"