आडाजवळचा नारळ

शाळा सहावीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. झालं ते लिहितो.

"बाबा, अजून किती खाली जायचं?" उत्तमशेठनी विचारलं.

हैबतीबाबा पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान चालायचे. नारळ उभा राहील तिथं पाणी. मी त्यांच्याकडे तेच शिकत होतो.

शेठच्या द्राक्षबागेतले अकराही बोअर बाबांनीच दाखवलेले. पहिल्याला दोनशे फुटांवर पाणी लागलं, अकराव्याला नऊशेवर. तोवर गावाच्या विहिरी एकेक करून आटल्या. पिण्याचा एक आड तेवढा उरला. त्याच्या शेजारचा माळ शेठनी नुकताच घेतला होता, बारावा बोअर तिथं पाडायचा होता.

"अजून भागलं नाही?" बाबा म्हणाले.

"भागायचं काय त्यात? बाग वाढली म्हणून शीतगृह आलं. शीतगृह आलं म्हणून गावाला काम मिळालं. सगळं जग असंच चाललंय, बाबा. वाढ थांबली की सगळं बसलं."

"आणि नाही थांबली तर?"

"पुढचं पुढं! पंधराशे फुटांचं मशीन आलंय आता." शेठ हसले. "अकरा दाखवलेत, तेव्हा नाही सुचलं हे?"

"नाही सुचलं."

बाबा उठले. नारळ घेऊन माळावर चालू लागले. शेठ मागं फोनवर बोलत होते.

आडापासून वीस पावलांवर बाबांच्या तळहातावरचा नारळ उठायला लागला. मी पाहिलं. बाबांनी तो दोन्ही हातांत आवळला, चार पावलं पुढं गेले आणि दगडावर फोडला.

उरलेलं पाणी करवंटीत धरून त्यांनी शेठपुढं केलं.

"घ्या. लागलं."

"थट्टा करता का म्हाताऱ्या माणसानं?"

"प्या की. एवढंच होतं."

शेठनी करवंटी हातानं उडवली. पाणी मातीत गेलं, लगेच दिसेनासं झालं.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लिंबा, तुला जमतं ना रे आता? सकाळी ये. तुझ्या बहिणीला शीतगृहात कामाला लावतो. घरीच बसून आहे ना ती?"

मी बाबांकडे पाहिलं. ते करवंटीचे तुकडे गोळा करत होते.

...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातून नारळ घेतला आणि माळाकडे निघालो. वाट बाबांच्या दारावरूनच जाते. ते उंबऱ्यावर बसले होते. मी मान खाली घातली, भराभर चालू लागलो.

"लिंबा," मागून हाक आली. "नारळ मोठा घेतलास ना रे? त्याचं पाणी गावाला पुरलं पाहिजे."