बाळकू, म्हैस आणि कॅल्शियमची बाटली

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात बाळकू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते तो करायचा. अडचण एवढीच, की सांगाल तेच करायचा.

त्याच्या सासूबाईंनी लेकीला, म्हणजे सारजाला, एक दुधाळ म्हैस दिली. देताना जावयाला बजावलं, सडात थेंब ठेवू नका, नाहीतर म्हैस आटेल. पुढे म्हैस व्यायली. बाळकूनं लगेच बादली लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढली. संध्याकाळी म्हैस खाली बसली ती उठेचना. मान पोटाकडे वळलेली, कान गार. सारजाच्या डोळ्यांना धार लागली.

गुरांचे डॉक्टर पाटोळे आले. त्यांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं. म्हैस थरथरली, ढेकर देऊन उभी राहिली. दुधावाटे कॅल्शियम जातं, एकदम सगळं काढलं तर जनावर बसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पहिले काही दिवस थोडं आत ठेवायचं, म्हणाले. पाजायला औषधाची बाटलीही दिली.

थोडं आत ठेवायचं, हे बाळकूनं घोकून ठेवलं. बाटली पाजताना निम्मं औषध बाटलीच्या आत ठेवलं.

म्हैस पुन्हा बसली. डॉक्टर पुन्हा आले, म्हैस पुन्हा उठवली आणि बाळकूला समोर बसवलं.

"नीट ऐक. तीन-चारदा व्यायलेली, म्हणजे तेवढी वेतं झालेली, अंगानं भरलेली, जागची न हलणारी असेल तर धोका जास्त. अशी पडली, मान वळली, कान गार लागले, की दोन्ही बाजूंनी पोती लावून बसती ठेवायची आणि मला फोन करायचा. उठली की बाटली पुरती पाजायची."

बाळकूनं मान डोलावली.

म्हशीचं कळल्यावर सासूबाई बघायला आल्या. पोटभर जेवल्या आणि पंख्याखाली आडव्या झाल्या. सारजा पाण्याला गेली होती. बाळकूनं पाहिलं, मान वळलेली. कानाला हात लावला, गार. त्यानं भुश्याची दोन पोती आणली, सासूबाईंना मधे टेकवून बसवलं आणि फोन लावला.

"साहेब, आणखी एक पडलंय."

"वेतं किती?"

"पाच. अंगानं भरलेलं. आल्यापासून जागचं हललं नाही."

"व्यायली कधी?"

"धाकटं लेकरू आता तिशीत आहे."

फोन नीट ऐकू येत नाही, असं समजून डॉक्टरांनी मोटारसायकलला किक मारली.

इकडे पोती टोचून सासूबाई जाग्या झाल्या आणि तरातरा उठल्या. बाळकूला हायसं वाटलं. त्यांनी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं हनुवटी वर धरून म्हशीच्या औषधाची बाटली त्यांच्या तोंडात पुरती रिकामी केली.

डॉक्टर पोचले तेव्हा बाळकू अंगणात गोल गोल पळत होता आणि मागे सासूबाई, हातात म्हशीचं दावं घेऊन. पळता पळता तो आनंदानं म्हणाला, "साहेब, गुण आला. बघा, आता कशा हिंडतायत!"