साखळी नसलेलं दार

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात बांधाचा एक राखणदार राहायचा. बांधाच्या अलीकडे गावाची भातशेती, पलीकडे खारं पाणी. बांधात एक मोरी होती. ओहोटीला मोरीच्या फळ्या काढायच्या, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत जायचं. भरती यायच्या आत त्या परत बसवायच्या. तिथी बघून राखणदार आणि त्याची बायको हे काम करायची. राखणदाराला त्याचा अगदी वीट आला होता.

एकदा गावात एक सुतार आला. त्याने मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर जाड सागवानी दार वरून टांगलं. ओहोटीला ते आपोआप उघडायचं, भरतीच्या रेट्याने आपोआप मिटायचं.

"हाताने उचलायला साखळी लावू ना?" सुताराने विचारलं.

"नको रे बाबा! कोळंबी पकडणारे येता-जाता ओढत बसतील. आपोआप चालतंय ना, मग झालं तर."

बायको म्हणाली, "अहो, असू द्या की. कधी अडलं म्हणजे?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" राखणदार खेकसला. साखळी लावायची राहिलीच, आणि जुन्या फळ्याही चुलीत गेल्या.

दार झकास चालायचं, खोटं कशाला बोला! राखणदार पाय पसरून पान चघळू लागला. हळूहळू दोघं तिथी बघायचंही विसरली.

आश्विनातल्या पौर्णिमेला भर दुपारी उधाण आलं. वाहत आलेला एक ओंडका दारात अडकला आणि खारं पाणी शेतात घुसू लागलं. भात लोंबीला आलेलं. बायकोने पदर खोचला आणि ती खाडीच्या बाजूने पाण्यात उतरली. जोर लावून तिने ओंडका उपसला. तो सुटला, तसं दार धाडकन मिटलं. तिचा हात कोपरापर्यंत चौकटीत चिरडला.

"अहो, दार उचला!"

राखणदाराने उडी घेतली. फटीत बोटं घालून त्याने नखं मोडून घेतली. सारं गाव धावलं. ओढायला हात पुष्कळ होते, पण धरायचं कशाला? कोणी कुऱ्हाड आणली, तोवर दार पाण्याखाली गेलं होतं. पाणी तिच्या गळ्याशी आलं. राखणदार तिची हनुवटी वर धरून ओक्साबोक्शी रडत होता. पाणी चढतच राहिलं.

ओहोटी लागली तेव्हा दार आपोआप उघडलं, आणि तिचा हात सुटला.

शेत वाचलं. त्या वर्षी भात उत्तम पिकलं. राखणदाराच्या घशाखाली मात्र त्यातला घास उतरला नाही.

तात्पर्य: कष्ट वाचवणारी सोय जरूर करावी, पण ती आपल्या हाताने थांबवण्याचा मार्ग बंद केला, तर आपल्या माणसांचा जीवही तिच्याच ताब्यात जातो.